काहूनबाईंचं वाण

आमच्या बाई 'का' म्हणायच्या नाहीत, 'काहून' म्हणायच्या. आणि दिवसभर म्हणायच्या. उशीर काहून झाला, वही काहून फाटली, तोंड काहून पाडलंय, खिडकी काहून बंद आहे. आमची शाळा सदाशिव पेठेतली. तिथे शिपाईकाकासुद्धा अपमान करायचे तो शुद्ध भाषेत. अशा शाळेत हा शब्द पहिल्यांदा वर्गात पडला तेव्हा आम्ही बाकांवर डोकी आपटून हसलो. बाई टेबलाला टेकून शांत उभ्या. हसणं ओसरल्यावर म्हणाल्या, "झालं? आता सांगा, हसलात काहून?" मग काय, पुन्हा पहिल्यापासून सुरू! त्या दिवशी त्यांचं नाव काहूनबाई पडलं. आज त्यांचं खरं नाव घेतलं तर आमच्या वर्गातले निम्मे जण विचारतील, या कोण बुवा?

बाई मूळच्या अमरावतीच्या. लग्न केलेलं नव्हतं. वारज्याला भाड्याचा फ्लॅट आणि तिथून शाळेपर्यंत एक खडखडती स्कूटर. अंगावर कडक इस्त्रीची साडी आणि पायात पळायचे बूट. विचारलं तर म्हणायच्या, "पोट्ट्यांच्या मागे चपलेनं पळता येते काय?" आम्हाला नववीला त्या विज्ञान शिकवायच्या. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत त्या कधी बसल्या नाहीत. आपला डबा उघडून आमच्या वर्गातून फिरायच्या, प्रत्येकाच्या झाकणावर ठेचा वाढायच्या आणि त्याच्या बदल्यात त्याच्या डब्यातला घास उचलायच्या. "भाजी गोड काहून केली बाप्पा? गूळ फुकट मिळते काय तुमच्या पेठेत?" आमच्या घरी उष्टं म्हणजे महापाप. आजोबांच्या वेळेपासून चमचासुद्धा भांड्याला लागू न देता वाढायची पद्धत. त्यामुळे मी डबा बाकाच्या आत लपवून जेवायचे. बाई वाकून तिथूनही घास काढायच्या, आणि वर "तुझ्या आईच्या हाताला चव आहे हो सई" असं म्हणून पुढे जायच्या.

घरी तेव्हा माझा मामा राहायला आला होता. आईचा धाकटा भाऊ. कारखान्यात मशीनवर काम करायचा, खोली करून राहायचा, आणि बोलायला असा की पोस्टमनही दोन मिनिटं टेकून जायचा. तो आजारी पडला म्हणून आई त्याला सामानासकट घरी घेऊन आली. मला सांगण्यात आलं, कावीळ. वर्ष उलटलं तरी कावीळच. मामा म्हणायचा, "ताई, माझ्या काविळीला आता बालवाडीत घालायला हवं." आई ओठ घट्ट मिटून पोळ्या लाटायची.

आईनं त्याच्यासाठी नवी ताटली आणली होती, आणि दुकानातच मशीननं तिच्यावर त्याचं नाव घालून घेतलं होतं. भांड्यांवर नाव आपण सगळेच घालतो, ते शेजारी गेलं तर परत यावं म्हणून. हे नाव घातलं होतं ते ही ताटली आमच्या ताटांत मिसळू नये म्हणून. ताटली, वाटी, पेला, कप, सगळं बाल्कनीतल्या वेगळ्या टोपलीत. ते आई स्वतः उकळत्या पाण्यानं धुवायची. बरं, माया कमी होती म्हणावं तर तसंही नाही. त्याला आवडतो म्हणून उठसूट शिरा करायची, ताप चढला की देवापाशी रडायची. पण आमच्या पंगतीला त्याला घ्यायची नाही. आमची जेवणं झाली की मामा हॉलमध्ये एकटा टीव्हीसमोर जेवायचा आणि बातम्या देणाऱ्या बाईला म्हणायचा, "या, बसा जेवायला."

शेवटी मामानंच मला सांगून टाकलं. "सई, कावीळ एवढी टिकत नाही गं. मला एचआयव्ही आहे. गोळ्या चालू आहेत, चांगला होणार आहे. ताईला बोलू नकोस मी सांगितलं म्हणून."

मी म्हटलं, "मग आमच्यात बसून जेवलं तर चालत नाही का?"

"डॉक्टर म्हणाले, खुशाल जेवा. मी ताईला तसं सांगितलं. ती 'हो हो' म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी माझा चमचाही वेगळा केला."

आम्ही दोघं पोट धरून हसलो, आणि मग मला रडू आलं. त्या वर्षी मला दुसरं काही नको होतं. मामा आमच्यात जेवायला बसावा, एवढंच हवं होतं. आईला सांगायचं कसं, हे काही सुचत नव्हतं, कारण मुळात मला ते माहीतच नसायला हवं होतं.

आणि तेवढ्यात तो धडा आला. प्रत्येक शाळेत एक 'तो' धडा असतो. अख्ख्या विज्ञानात तेवढाच एक धडा इतका सोपा असतो की शिक्षक म्हणतात, "हा तुम्ही घरी वाचा." आमच्या वरच्या वर्गांनी तो घरी वाचला होता, म्हणजे काय वाचला होता ते देव जाणे. काहूनबाईंनी मात्र तो धडा मुद्दाम उघडला. "घरी काहून वाचायचा? घरी कोण शिकवते, तुमची आजी?" असं म्हणून त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: मासिक पाळी, कंडोम, एचआयव्ही. "वाचा मोठ्यानं."

ओंकार नावाचा आमचा वर्गप्रमुख, एरवी माइक दिसला की भाषण ठोकणारा, त्यानं 'कं' म्हटलं आणि खोकला आल्याचं सोंग केलं. माझ्या शेजारी बसणारी शाहीन दप्तरात तोंड घालून फुसफुसत होती. मी छताकडे बघत होते. पाल शोधत होते म्हणा ना.

बाईंनी खडू ठेवला. "तुमच्या आज्या नवऱ्याचं नाव घेत होत्या काय रे?"

"नाही बाई."

"मग लग्नात कशा घेत होत्या?"

"उखाण्यात!" सगळा वर्ग ओरडला.

"मग झालं तर. जे नाव सरळ घ्यायची लाज वाटते, ते उखाण्यात घ्यायचं. आपल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या हेच करून राहिल्या. उद्या प्रत्येकानं एकेक उखाणा आणायचा. माहिती चुकली की उखाणा बाद!"

मागून कुणीतरी विचारलं, "बाई, तुम्ही कोणाचं नाव घेणार?"

"मले कुठे नवरा आहे? म्हणून तर मी विषाणूचं घेते," बाई म्हणाल्या, आणि आमच्याआधी त्याच हसल्या.

दुसऱ्या दिवशी जे काही झालं त्याला तास म्हणायचं की साखरपुडा, मला ठरवता येत नाही. शाहीननं ओढणी डोक्यावर घेऊन, लाजत लाजत सुरुवात केली: "टपरीवरच्या चहाला आल्याचा वास, दुसऱ्याची सुई टोचून घेऊ नये, बास!" मग एक उंच, अबोल मुलगी उठली: "लकडी पुलावर वारा सुटला गार, नको म्हणजे नको, पुन्हा नको विचार." तिला टाळ्या पडल्या आणि मुलांच्या रांगेत जरा चुळबुळ झाली. ओंकारचा खोकला बरा झाला होता. तो छाती काढून म्हणाला, "लग्नाच्या पंगतीत जिलेबी आणि मठ्ठा, कंडोमचं नाव ऐकून करू नका थट्टा." प्रत्येक उखाण्यानंतर बाई त्याच्यामागची माहिती सांगायच्या, अगदी सरळ, आडपडदा न ठेवता. एचआयव्ही कशानं होतो: असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, वापरलेली सुई, उपचार न घेतलेल्या आईकडून बाळाला. या वयात घाई का करायची नाही, कुणी जबरदस्ती केली तर कुणाला सांगायचं, तपासणी कुठे होते. हसून हसून लाज इतकी पातळ झाली होती की कुणी खाली बघतच नव्हतं.

मग मी हात वर केला. "बाई, एचआयव्ही असलेल्या माणसाबरोबर एका ताटात जेवलं तर?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. कोण माणूस, कुठला, काही विचारलं नाही. आयुष्यात तेवढ्या एका वेळी त्या 'काहून' म्हणाल्या नाहीत. "काही होत नाही," म्हणाल्या. "एका कपानं चहा प्या, मिठी मारा, काही होत नाही. तूच कर यावर उखाणा."

मी तिथेच केला: "मिसळीवर फरसाण, फरसाणावर कांदा, एका ताटात जेवून एचआयव्हीची होत नाही बाधा." हा उखाणा शाळेत इतका गाजला की मधल्या सुट्टीत पाचवीतली पोरं त्यावर दोरीच्या उड्या मारायला लागली. घरी मी तो आंघोळ करताना म्हणायचे, भांडी लावताना म्हणायचे, आईच्या कानाशी जाऊन म्हणायचे. आई म्हणायची, "पुरे गं ती मिसळ!" आणि मामाची ताटली बाल्कनीत नेऊन ठेवायची.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण ओंकारच्या ताईचं लग्न निघालं. पंगत बसली, नवरा-नवरीचे उखाणे झाले, आणि कुणीतरी कौतुकानं म्हणालं, "नवरीच्या भावाला येतो का एखादा?" ओंकारला एकच येत होता. समोर वाढपी जिलेबी घेऊन उभा, मठ्ठ्याचे ग्लास भरलेले, आणि आमचा वर्गप्रमुख खणखणीत आवाजात, विहीणबाईंच्या तोंडावर, "लग्नाच्या पंगतीत जिलेबी आणि मठ्ठा..." पुढचं तुम्हाला माहीत आहे. नवऱ्याच्या आजोबांना ठसका लागला. नवरदेव म्हणे फेट्यात तोंड लपवून हसत होता. संध्याकाळपर्यंत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आग लागली होती. 'हेच शिकवायला फी भरतो का', 'संस्कार नावाची काही गोष्ट', वगैरे वगैरे, खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग.

मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, बाईंना व्हरांड्यातच गाठलं. "बाई, आपण विज्ञान शिकवता की वरातीत बँड वाजवता?"

"सर, विज्ञानाची वरात निघाली तर बिघडते काय?"

"आमची शाळा बिघडते. पालकांची संमती मिळेपर्यंत हा विषय बंद."

बाईंनी पालकसभा बोलावली. दोन वडील आले, तेही भांडायला. रिकाम्या खुर्च्यांकडे बघून बाईंचं तोंड एवढंसं झालं. मी खुर्च्या उचलायला थांबले होते. मला वाटलं, आता कसला तास आणि कसला मामा आमच्यात जेवायला! पण बाई खुर्च्या एकावर एक रचता रचता मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "काय गं सई, पुण्याची बाई पालकसभेला येत नाही. पण वाण सोडते काय?"

संक्रांत तोंडावर आली होती. दुसऱ्या दिवशी आमच्या हातून घरोघर निरोप गेला: शाळेत हळदीकुंकू, वाण स्टीलचं. बास! जरीच्या काळ्या साड्यांनी हॉल भरून गेला. बाईंनी नवरा नसलेल्या आयांनाही आवर्जून बोलावलं होतं. कुणीतरी नाक मुरडलं तशा म्हणाल्या, "काहून? विषाणू काय कुंकू बघून येते?" शाहीनच्या अम्मीला आम्ही अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं. माझी आई दाराजवळ बसली होती, लवकर निघायच्या बेतानं.

तिळगूळ झाला. टेबलावर वाणाच्या ताटल्या रचलेल्या, लखलखत्या, चांगल्या जाड. सगळ्या आयांचे डोळे तिकडे. बाई उभ्या राहिल्या. "वाण नाव घेणारीलाच मिळेल. पण नवऱ्याचं नाव घरी घ्या. इथं फळ्यावरचं घ्यायचं." आणि त्यांनी फळ्यावरचा पडदा ओढला. तीच तीन नावं!

क्षणभर वाटलं, सगळ्या उठून जाणार. मग शाहीनची अम्मी पदर खोचून उठली. ती रविवार पेठेतली, मराठी उखाण्यांत तिचा हात धरणारं आजही कुणी नाही. "रविवार पेठेत भांड्यांच्या रांगा, कंडोमचं महत्त्व पोरांना वेळेवर सांगा!" हॉलमध्ये जो हशा उसळला, तो मोठ्या सरांनी खाली ऑफिसात ऐकला असणार. त्यानंतर आवरता आवरेनात बायका. एकीला दोन सुचले, तिला ताटली एकच मिळाली, त्यावरून वाद झाला. ओंकारची आई तर लेकाचाच उखाणा म्हणाली आणि वर म्हणाली, "माझ्या मुलानं केलाय तो." हो का! कालपर्यंत ग्रुपवर हात कोण जोडत होतं?

माझ्या आईचा नंबर लागला. ती उठली. तिला काय येणार होतं ते मला माहीत होतं, मीच तर महिनाभर तिचं डोकं खाल्लं होतं. "मिसळीवर फरसाण," आई म्हणाली. "फरसाणावर कांदा." आणि थांबली. सगळ्यांना वाटलं, विसरली. चारी बाजूंनी बायका ओरडायला लागल्या, "एका ताटात! अहो, एका ताटात जेवून!" आईचे डोळे भरले होते.

"बाई," आई म्हणाली, "हे खरंच आहे ना? नक्की?"

"नक्की."

"एका कपानं चहा?"

"काही होत नाही."

"आणि टॉवेल? आणि एकत्र धुतलेली भांडी?"

"ताई, गोळ्या रोज घेतल्या आणि तपासणीत विषाणू सापडेनासा झाला, की शरीरसंबंधातूनही तो दुसऱ्याकडे जात नाही. भांड्यांतून तर कधीच जात नव्हता."

मग इतर आयांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. डास चावला तर, न्हाव्याकडे गेलं तर, मुलीला पाळीबद्दल कधी सांगावं, मुलाच्या मोबाईलवर काय काय दिसतं. संध्याकाळ होईपर्यंत कुणी हललं नाही. संमती काय, सगळ्यांनी मिळून मोठ्या सरांकडे जाऊन तासाची वेळ ठरवून घेतली. निघताना बाई प्रत्येकीच्या हातात ताटली देत एकच सांगत होत्या, "या ताटलीवर नाव घालायचं नाही हं."

त्या रात्री आईनं पानं घेतली. पाटावर बाबा, मी, आणि तिसरं पान त्या नव्या ताटलीत. "ये रे जेवायला," तिनं हॉलकडे बघून हाक मारली.

मामा दारात येऊन उभा राहिला. "ताई, माझी ताटली कुठंय?"

"काहून?" आई म्हणाली.

माझी आई! सदाशिव पेठेत जन्मलेली, 'मला' ऐवजी 'मले' म्हणणाऱ्याकडे रोखून बघणारी! मामा हसायला गेला, पण त्याला जमेना. तो खाली बसला आणि मान घालून वरणभात कालवत राहिला. आईनं त्याच्या ताटलीतलं एक भजं उचललं, तोंडात टाकलं आणि म्हणाली, "मीठ कमी झालंय." नावाची ताटली दुसऱ्या दिवशी तुळशीच्या कुंडीखाली गेली. अजून तिथेच आहे.

एक गोष्ट मात्र राहून गेली. मामा आमच्यात बसायला लागला, पण आपल्या ताटातलं कुणाला देईना. मी मागितलं तर उठून पातेल्यातलं नवीन वाढायचा. "तुला माहितीये ना, काही होत नाही?" मी चिडायचे. "डोक्याला माहितीये गं," तो म्हणायचा, "हात ऐकत नाही." गोळ्यांनी तो धडधाकट झाला, पुन्हा कामावर गेला, आणि हे मात्र तसंच राहिलं.

यंदा मामाचं लग्न झालं. मुलगी लोणी काळभोरची. दोघांची ओळख दवाखान्यात, त्याच गोळ्यांच्या रांगेत झाली. तिची आई सगळ्यांना सांगत होती, "आमची पोरगी लई गुणाची हाय, आन जावईबी तसाच गावला बघा." काहूनबाई आल्या होत्या, इस्त्रीची साडी आणि पळायचे बूट घालून. आता त्या निवृत्त झाल्या आहेत. वारज्याचा फ्लॅट सोडून कायमच्या अमरावतीला, बहिणीकडे निघाल्या होत्या. स्कूटर विकली म्हणाल्या. मला ते ऐकवेना. त्या नसलेलं पुणं फारच शुद्ध होईल, असं मी म्हटलं तर म्हणाल्या, "रडते काहून? गाडी जाते ना अमरावतीला!"

पंगत बसली. मामीनं झोकात नाव घेतलं, मामानं तिच्याच ताटातला घास तिला दिला. मग शाहीननं आरोळी ठोकली, "आता बाईंनी नाव घ्यायचं! आणि विषाणूचं चालणार नाही!" आम्ही सगळी जुनी पोरं टेबलं बडवायला लागलो. बाई प्रथमच लाजल्या. खरंच लाजल्या, पदर तोंडाशी नेला. मग उभ्या राहून म्हणाल्या,

"अमरावती माहेर अन् पुणं माझं सासर,
नवऱ्याविना नांदले, पण लाडात नव्हती कसर."

हसावं की रडावं, कुणाला कळेना. माझी आई सरळ रडायलाच लागली. आणि मामा जागेवरून उठला. मुंडावळ्या सावरत, आपल्या ताटातली खाऊन उरलेली अर्धी जिलेबी घेऊन, पाक गळत असताना तो अख्खी पंगत ओलांडून बाईंसमोर जाऊन उभा राहिला. बाईंनी तोंड उघडलं. मामानं जिलेबी भरवली.

बाईंनी ती सावकाश चावून खाल्ली, आणि त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "अर्धीच काहून?"